कोरा चौकोन

स्केल्बी,
बुधवार, १९ जून १९९१

प्रिय ब्रायनी,

हे बारावं पत्र. आधीच्या अकरांचं काय केलंस ते विचारत नाही. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम टाइप केला आहे, नाहीतर माझं अक्षर बघून तू ते न उघडताच ठेवून दिलं असतंस. लबाडी आहे, मान्य. पण पुढच्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, इथून एक जाड पुडकं पोस्टाने लंडनला जाणार आहे. त्यात तुझं नाव राहावं की जावं हे त्याआधी ठरायला हवं आणि ते तुझ्याशिवाय कुणाला ठरवता येत नाही. म्हणून शेवटपर्यंत वाच. मी मधेच भरकटेन, ती सवय तुला माहीत आहे.

जानेवारीपासून मी गार्बटबाईंकडे टाइप करायला जातो. एच. एम. गार्बट. तुझ्या बाबांच्या कपाटात तिसऱ्या फळीवर त्यांच्या सात कादंबऱ्या आहेत, मी मोजल्या होत्या. एच म्हणजे हिल्डा, एम म्हणजे मॉड. तुझ्या बाबांना हे माहीत नसणार. निम्म्या वाचकांची पत्रं अजूनही 'प्रिय श्री. गार्बट' अशीच सुरू होतात आणि बाई ती न सुधारता उत्तर देतात. वय अठ्ठ्याहत्तर. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली आहेत, म्हणून माझी गरज. त्या खिडकीशी बसून सांगतात, मी टाइप करतो. हे एक्केचाळिसावं पुस्तक. शेवटचं, असं त्या म्हणतात. छत्तिसाव्यालाही म्हणाल्या होत्या.

ही नोकरी मला बाबांच्या एका भांडणामुळे मिळाली. बाबा बस चालवतात ते तुला माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर साली बाईंच्या एका कादंबरीत खुनी रविवारी दुपारी बारा नंबरच्या बसने स्केल्बीहून निघतो आणि त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. बाबांनी ते वाचलं आणि जेवण अर्धं टाकून पत्र लिहायला बसले. बारा नंबरची बस रविवारी धावत नाही, तेव्हा आपला खुनी स्टॉपवरच उभा असणार, त्याला पकडायला एवढे इन्स्पेक्टर कशाला लागले, असं काहीतरी. माझा तापटपणा कुठून आला ते तुला यावरून कळेल. चार दिवसांनी बाईंचं कार्ड आलं: 'तुमचं बरोबर आहे. पुढच्या पुस्तकाआधी विचारायला येईन.' आणि खरंच आल्या. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पुस्तकातली बस आमच्या जेवणाच्या टेबलावरून सुटते. नाताळनंतर मी घरात नुसता पडून होतो, ते बघून बाबांनी त्यांच्याकडे शब्द टाकला.

त्यांच्याकडे चुकांची एक वही आहे. वाचकांनी दाखवलेली प्रत्येक चूक तारखेसकट. पहिल्याच पुस्तकात भरतीची वेळ चुकली होती आणि प्रेत समुद्रात वाहून जाण्याऐवजी कोरड्या वाळूत पडून राहायला हवं होतं. त्यावर त्रेचाळीस पत्रं आली. खून कुणी केला याबद्दल एकही नाही. बाई म्हणतात, आपल्या लोकांना माणूस मेला तर चालतो, वेळापत्रक चुकलेलं चालत नाही.

त्यांची सगळी हकिगत मला तुकड्यातुकड्यांत कळली. वडिलांची मासे धुरवायची भट्टी होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. टायपिंग शिकल्या आणि कॉरोनरच्या कचेरीत लागल्या. अचानक किंवा संशयास्पद मेलेल्या माणसांची चौकशी तिथे होते. नऊ वर्षं त्यांनी साक्षीदारांच्या जबान्या टाइप केल्या. एकदा मी विचारलं, एवढं काय शिकायला मिळालं तिथे? तर म्हणाल्या, प्रत्येक जबानीत चहा असतो. नवरा पडवीत गळफास लावून लटकलेला दिसला, मग मी किटली ठेवली. मुलगा विहिरीत सापडला, शेजारीण म्हणाली चहा घे. लोकांना जे बोलता येत नाही तिथे ते चहा करतात, आणि गोष्ट नेमकी तिथेच असते. हे लक्षात ठेव ब्रायनी, मी पुन्हा चहावर येणार आहे.

पुढे विल्फ गार्बटशी लग्न झालं. त्यांचं मटणाचं दुकान होतं, चर्चच्या कोपऱ्यावर, आता तिथे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळतात. बुधवारी दुपारी सगळी दुकानं बंद. विल्फ जेवून झोपायचा आणि त्या दोन ते पाच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायच्या. पहिली बावीस पुस्तकं बुधवारी दुपारीच लिहिली आहेत. अजूनही महत्त्वाचं प्रकरण बुधवारसाठी राखून ठेवतात. अडलं की विल्फला हलवून विचारायच्या, मांडीचं हाड कापायला किती वेळ लागतो? तो डोळे न उघडता सांगायचा, करवत कुठली? पहिलं पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा प्रकाशकाने 'श्री. गार्बट' यांना लंडनला एका क्लबात जेवायला बोलावलं. ह्या गेल्या. क्लबात बायकांना प्रवेश नव्हता. प्रकाशक दारातच गोरामोरा झाला. शेवटी दोघांनी पायऱ्यांवर बसून बाईंनी घरून नेलेली डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री खाल्ली, विल्फच्या हातची. नाव मात्र एच. एम. असंच राहिलं. पुढे स्वस्त आवृत्त्या निघाल्या, तेव्हा एकीच्या मुखपृष्ठावर अर्धे कपडे घातलेली, हातात सुरा घेतलेली बाई होती. पुस्तकात अशी बाईच नव्हती. विल्फने ते पुस्तक दुकानाच्या काचेत सॉसेजच्या बाजूला मांडलं, आणि पाद्री आठवडाभर समोरच्या फुटपाथने गेला. विल्फला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा करवतीचा प्रश्न मला पाठ आहे, इतक्या वेळा बाईंनी सांगितला आहे.

आता तुझ्याकडे येतो. टाळत होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये तू लाइफबोटच्या, बचावनौकेसाठी पैसे जमवायच्या, जत्रेला आली होतीस. पिवळा रेनकोट आणला होतास आणि ऊन पडलं म्हणून तो दिवसभर माझ्याच हातात होता. आपण सोडतीचं एक तिकीट घेतलं होतं, निळं, दोनशे एकोणीस नंबर. दर वर्षीची सोडत असते ती: ज्याचा नंबर लागेल त्याने एक नाव द्यायचं, आणि गार्बटबाईंच्या पुढच्या पुस्तकात त्या नावाच्या माणसाचा खून होतो. स्केल्बीत लोक यासाठी जीव टाकतात. बावीस वर्षांत बावीस जणांचा खून झाला आहे, आणि ते सगळे बेकरीत भेटले की एकमेकांना आपापलं पान सांगतात. बाईंची अट एकच. नाव ज्याचं, त्याने स्वतः एका छापील कागदावर सही करायची. दुसऱ्याचं नाव देता येतं, पण सही त्याचीच हवी.

तिकीट तू माझ्या खिशात ठेवलंस. सोडत निघाली नाताळच्या आदल्या आठवड्यात. तोवर जे झालं ते झालं होतं. मी कालव्यात सायकल फेकली होती, कॉलेज सोडलं होतं, यॉर्कला तुझ्या घरी येऊन गेलो होतो, आणि अकरांपैकी नऊ पत्रं पाठवून झाली होती. आपला नंबर लागला. बाबांना वाटलं मी आईचं नाव देईन. आईने केस सेट करून घ्यायचंही ठरवलं होतं. मी कागदावर तुझं नाव लिहिलं: ब्रायनी केल. खाली तुझी सही केली. तुझ्या सहीतल्या 'वाय'चं शेपूट मला चांगलं जमतं, लेक्चरमध्ये बसून तेवढंच शिकलो होतो. पाकीट पेटीत टाकताना मला बरं वाटलं. ते खोटं कशाला लिहू? मला तू मेलेली हवी होतीस, छापून, पक्क्या बांधणीत, देशातल्या प्रत्येक वाचनालयात.

जानेवारीत कामाला गेलो तेव्हा वाटलं, बाईंना काय कळणार. पहिल्या प्रकरणात प्रेत सापडेल, मी मजेत टाइप करीन. पण बाई प्रेतापासून सुरुवात करत नाहीत. म्हणाल्या, "या ब्रायनी केलला तू ओळखतोस ना? मग सांग. ती मेल्यावर कुणाचं काय अडेल? ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही त्याचा खून कोण वाचेल, पोरा?" मी म्हटलं, कुणाचं काही अडणार नाही, ती स्वार्थी आहे. त्या म्हणाल्या, टाइप कर, स्वार्थी. केलं. मग विचारलं, स्वार्थी म्हणजे काय करायची? मी शोधून शोधून सांगितलं की तू माझ्या वह्या मागायचीस. कशाला, त्यांनी विचारलं. तर मी नापास झालेल्या दोन पेपरांचा अभ्यास करवून घ्यायला. ते बाईंनी टाइप करायला सांगितलं नाही.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी सगळ्यांना वाटतं की मी तुझ्यापायी कॉलेज सोडलं. मीही अकरा पत्रांत तेच लिहिलं. खरं म्हणजे त्या डेस्मंडबरोबर तू प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर हसत होतीस, त्याच्या तीन आठवडे आधी निकाल लागला होता. सायकल फेकली ती निकालाच्या रागात. डेस्मंड आयता सापडला. (तो अजूनही मला आवडत नाही. तसली मिशी ठेवणाऱ्याचं काय आवडायचं.)

तर असे सहा महिने गेले. मी राग सांगायचा आणि बाईंनी त्यातून दुसरंच काढायचं. तू बसची वाट बघताना एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवतेस, सफरचंद बियांसकट खातेस, धाकट्या बहिणीला पियानोच्या शिकवणीला दर शनिवारी सोडायला जातेस. हे सगळं पुस्तकात आहे. चार प्रकरणं तू जिवंत आहेस. पाचवं टाइप करायचं होतं त्या दिवशी मी सर्दीचं निमित्त करून घरी राहिलो. बाईंनी आमच्याकडे फोन केला आणि बाबांना म्हणाल्या, त्याला सांगा, सर्दीने बोटं गळत नाहीत.

आता चहा. मार्चमध्ये एका बुधवारी बाईंनी विचारलं की तुला शेवटचं कधी पाहिलं. मी यॉर्कचं सांगितलं. शनिवारची दुपार, भुरभुर पाऊस, मी तुमच्या फाटकाशी तीन तास उभा होतो. मला ते फार मोठं वाटायचं. इतका वेळ कोण उभं राहतं कुणासाठी? आणि पुरावा म्हणून सांगितलं की तुझ्या आईने मला चहा आणून दिला. घरातून हाकललं नाही, उलट चहा दिला. मला वाटलं होतं की तुझी आई माझ्या बाजूची आहे.

बाईंनी विचारलं, कप कसा होता? निळ्या काठाचा, थोडा टवका उडालेला. बशी? बशी नव्हती. मग चहा देऊन ती आत गेली का? नाही, मी पिईपर्यंत तिथेच उभी होती. हात कुठे होते? मी आठवलं. एक हात पुढे होता, कप परत घ्यायला.

बाई म्हणाल्या, "बशी नसलेला कप म्हणजे उभ्या उभ्या पी आणि नीघ. ती बाई तुला घाबरली होती, पोरा. शनिवारी त्या धाकटीची शिकवणी असते म्हणालास. ती त्या दिवशी फाटकातून बाहेर पडली का?"

पडली नाही. मी तीन तास तिथे होतो, मला माहीत असायला हवं. फाटक एकच आहे.

मला एवढंच सांगायचं आहे की मी चहा सगळा प्यायलो, कप तुझ्या आईच्या हातात दिला, थँक्यू म्हणालो आणि आणखी एक तास उभा राहिलो. आपल्याकडे शेंबडं पोरही तो इशारा ओळखतं. मला तो काही महिन्यांनी एका म्हातारीने वाचून दाखवावा लागला.

त्यानंतर तो प्रसंग पुस्तकात आला. फाटकाशी उभा असलेला मुलगा, कप, पुढे केलेला हात. ते मीच टाइप केलं. माझी खात्री झाली की खुनी मीच. शेवटी हा मुलगाच निघणार. खरं सांगू? जरा बरंही वाटलं. निदान गोष्ट माझी तरी झाली. मे महिन्यात ते प्रकरण आलं. इन्स्पेक्टर त्या मुलाला दीड पान प्रश्न विचारतो आणि घरी जायला सांगतो. पुढे तो पुस्तकात कुठेच नाही. खुनी भलताच आहे, तो सांगत नाही, तुझे बाबा रागावतील.

मी चिडलो. मी म्हटलं, एवढा तीन तास उभा राहिलेला माणूस दीड पानात? त्याच्यावर संशय नको घ्यायला? बाई म्हणाल्या, "खून करायला थोडा विचार करावा लागतो. तू नुसता उभा होतास."

मी टोपी उचलली आणि निघून आलो, दार आपटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायला लावलं आणि कालच्या वाक्यापासून पुढे सांगायला लागल्या.

परवा सोमवारी पुस्तक संपलं. शेवटचं पान यंत्रातून काढलं आणि मी कबूल केलं की ती सही माझी आहे. बाईंनी कपाटातून तेवीस कागदांचा गठ्ठा काढला. सगळे सोडतीचे. त्या कागदावर सहीच्या वर एक चौकोन आहे आणि त्यात छापलंय: मरण कसं हवं? प्रत्येकाने काही ना काही लिहिलंय. पोस्टमास्तर: 'पुडिंग खाऊन झाल्यावर.' पाद्री: 'रविवारी सकाळी नको, लोक वाट बघतात.' दंतवैद्याची बायको: 'नवऱ्याच्या खुर्चीत सोडून कुठेही.' तेविसावा तुझा. चौकोन कोरा.

त्या म्हणाल्या, "स्वतःचं मरण कुणी कोरं सोडत नाही. मला डिसेंबरातच कळलं होतं. तुझ्या बापाने विचारलं तेव्हा म्हटलं, येऊ दे, बघू तरी कोण आहे हा."

आता हे पत्र का ते सांगतो. पाकिटात तसाच एक नवा, कोरा कागद आहे, बाईंचा पत्ता आणि तिकीट लावलेल्या पाकिटासकट. पत्र त्या वाचणार नाहीत, पण जे केलं ते सगळं लिही आणि काहीही मागू नकोस, असं बजावलं आहे. तुला चालत असेल तर सही करून त्यांना पाठव, मला नाही. अठ्ठावीस तारखेच्या सकाळच्या टपालात काही आलं नाही तर मी तीनशे बारा पानांतून तुझं नाव काढीन आणि त्या जागी आईचं घालीन. तिने पुन्हा केस सेट करून घेतले आहेत. मी बाईंना विचारलं, उत्तरच नाही आलं तर एकदा आठवण करून पाठवायची का? त्या म्हणाल्या, उत्तर नाही म्हणजे नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, अकरांचंही तेच आहे. चौकोन मी कोरा का सोडला ते एवढं राहिलं. त्या ऑगस्टमध्ये धक्क्यावर चिप्स खाताना तू मला सांगितलं होतंस, पुस्तकात तुला कसं मरायला आवडेल ते. बरंच लांबलचक सांगितलंस आणि स्वतःच हसलीस. तू लाइफबोटवाल्या माणसाशी दहा मिनिटं बोलली होतीस म्हणून मी फुगून समुद्राकडे बघत होतो. डिसेंबरात तो चौकोन भरायला घेतला तेव्हा कळलं की मी ऐकलंच नव्हतं. तेव्हा सही केलीस तर चौकोन तूच भर. तेराव्या पत्राची वाट बघू नकोस, ते येणार नाही. शनिवारची शिकवणी चालू असेल तर बहिणीला सांग की फाटक मोकळं आहे.

सहीच्या वर 'तुझाच' टाइप केलं होतं, ते पान काढून टाकलं आणि पुन्हा टाइप केलं.

नुसता,
रसेल